डिपोर्ट: एका क्रियापदाची उकल

(फोंडा तालुक्यातील एका वाचनालयात शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकच क्रियापद घ्यायचं ठरवलं आहे. डिपोर्ट.

गोव्यात राहणाऱ्या माणसाला हा शब्द वर्तमानपत्रात अधूनमधून भेटतो. व्हिसाची मुदत संपूनही किनाऱ्यावर राहिलेला एखादा परदेशी नागरिक सापडतो आणि बातमीच्या शेवटी वाक्य येतं की त्याला डिपोर्ट करण्याची प्रक्रिया सुरू आहे. समोर बसलेल्या मुलांना अर्थ विचारला तर बहुतेक जण सांगतील, हद्दपार करणे. उत्तर बरोबर आहे. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. पण अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आपला झाला असं होत नाही. असा पाठ केलेला शब्द एकटा राहतो, त्याला नातेवाईक नसतात. आणि इंग्रजीत हजारो शब्द असे एकेकटे पाठ करत बसायचे म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून शब्द उकलायला शिकायचं.

डिपोर्टचे दोन तुकडे पडतात. ‘डि’ आणि ‘पोर्ट’. दोन्ही लॅटिनमधले. लॅटिनमध्ये ‘दे’ हा उपसर्ग आहे, त्याचा अर्थ खाली, पासून, दूर. आणि ‘पोर्तारे’ हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ वाहून नेणे. दोन्ही जोडले की ‘देपोर्तारे’, म्हणजे इथून उचलून दूर नेऊन सोडणे. मूळ लॅटिनमध्ये या शब्दात शिक्षा वगैरे काही नव्हती. माल वाहून नेला तरी देपोर्तारे. प्रांतातली मोहीम संपवून सेनापतीने सैन्य रोमला परत आणलं तरी देपोर्तारे. लुटीचं सोनं घरी आणलं तरी तेच. शिक्षेचा अर्थ नंतर आला, तो कसा आला ते पुढे सांगतो.

आता ‘पोर्ट’ तसाच ठेवायचा आणि पुढचा उपसर्ग बदलत जायचा. ‘इन’ म्हणजे आत: इम्पोर्ट, आत आणणे, आयात. ‘एक्स’ म्हणजे बाहेर: एक्स्पोर्ट, बाहेर नेणे, निर्यात. मुरगाव बंदरातून वर्षानुवर्षं लोहखनिज गेलं ते एक्स्पोर्ट. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, आरपार: ट्रान्सपोर्ट. ‘रे’ म्हणजे परत: रिपोर्ट, म्हणजे तिकडे पाहिलेलं इकडे परत वाहून आणणे. बातमीदाराला रिपोर्टर म्हणतात ते यामुळे, तो बातमी वाहून आणतो. ‘सुब’ म्हणजे खालून: सपोर्ट, खालून भार उचलून धरणे. एकच मूळ, आणि उपसर्ग दिशा ठरवतो.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. संस्कृत शिकलेल्यांना एक जुना श्लोक पाठ असेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्गामुळे धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे नेला जातो; जसं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. या पाचही शब्दांत धातू एकच, हृ. आणि हृ म्हणजे काय? नेणे, घेऊन जाणे. म्हणजे आपल्या वैयाकरणांनी उदाहरणासाठी जो धातू निवडला त्याचा अर्थ लॅटिनच्या पोर्तारेशी जवळजवळ जुळतो. आणि श्लोकातलं क्रियापद पाहा. ‘बलात् अन्यत्र नीयते’. बळाने दुसरीकडे नेलं जातं. डिपोर्ट या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या कोशात सापडलेली नाही, आणि ती लिहिणाऱ्याच्या मनात हद्दपारी नव्हती, व्याकरण होतं.

हृ धातू घेऊन आपण तोच खेळ करू. उपहार म्हणजे जवळ नेणे, म्हणून भेट. आहार म्हणजे आत घेणे. विहार म्हणजे इकडेतिकडे स्वतःला नेणे, हिंडणे. परिहार म्हणजे बाजूला सारणे. आता ‘अप’ लावा. अप म्हणजे दूर. अप अधिक हृ म्हणजे दूर नेणे. तुकडे जुळवून पाहिले तर हा डिपोर्टचा सख्खा जुळा भाऊ व्हायला हवा. पण शब्द काय होतो? अपहरण. आणि पैशाच्या बाबतीत अपहार.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. दोन भाषांत तेच दोन तुकडे जोडले. एकीकडे गुन्हा झाला, दुसरीकडे सरकारी आदेश झाला. बळ दोन्हीकडे आहे, दूर नेणं दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की नेणारा कोण. म्हणून मी शिक्षकांना कळकळीने सांगतो की लॅटिन तुकडे जरूर शिकवा, पण तुकड्यांची बेरीज म्हणजे अर्थ असं शिकवू नका. तुकडे दिशा सांगतात. बाकीचा अर्थ लोकांनी तो शब्द कुठे, कोणासाठी वापरला त्यातून येतो. फक्त फोड पाठ केलेला मुलगा ‘रिपोर्ट’चा अर्थ ‘परत नेणे’ लिहून येईल, आणि फक्त अर्थ पाठ केलेल्याला ‘डिपोर्ट’ आणि ‘रिपोर्ट’ ही भावंडं आहेत हे कधी कळणार नाही.

जोडणीबद्दल दोन शब्द सांगून पुढे जातो, कारण मुलं इथे स्पेलिंग चुकतात. ‘सुब’ अधिक ‘पोर्तारे’ याचं ‘सुबपोर्तारे’ का झालं नाही? कारण ब आणि प शेजारी आले की ब आपला आवाज सोडून प होतो. म्हणून सपोर्टच्या स्पेलिंगमध्ये पी दोनदा. ‘इन’चा न प च्या शेजारी आला की ओठ आधीच मिटायला लागतात, न चा म होतो, म्हणून इम्पोर्ट. आपण याला संधी म्हणतो. सत् अधिक जन सज्जन, उत् अधिक हार उद्धार. आणि ‘संपत्ती’मधला अनुस्वार आपण म् असा उच्चारतो, ‘संताप’मधला न् असा उच्चारतो, ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तोंड रोमनांचंही असंच चालायचं. डिपोर्टमध्ये मात्र संधीची गरज पडत नाही, कारण ‘दे’ स्वरान्त आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे दोन मिनिटांत समजतं. त्याच्याकडे संधीचा अभ्यास आधीच असतो. तो कमीपणा नाही, ते भांडवल आहे, आणि आपण शिक्षक ते वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

लॅटिनमध्ये वाहून नेण्याला आणखी एक क्रियापद होतं, ‘फेर्रे’. ट्रान्सफर, रेफर, प्रेफर, डिफर यांत ते आहे. त्याला ‘सुब’ लावा. खालून वाहणे. शब्द होतो सफर, सोसणे. आता हे पाहा: सपोर्ट म्हणजे खालून वाहणे, सफर म्हणजेही खालून वाहणे. उपसर्ग तोच, अर्थ तोच, फक्त वाहण्याचं क्रियापद वेगळं. एकाचा अर्थ आधार देणे झाला, दुसऱ्याचा यातना भोगणे झाला. मराठीत ‘भार सोसणे’ म्हणताना आपण दोन्ही एकत्र बोलतो. घर सोसणारी माणसं घराला आधारही देत असतात, हे आपल्या घराघरांत सगळ्यांना माहीत आहे.

फेर्रे हा आपल्या भृ धातूचा भाऊ. भरति, भार, भर्ता. लॅटिनचं तिसरं क्रियापद ‘वेहेरे’, त्यातून इंग्रजी व्हेइकल. तो आपला वह्, त्यातून वाहन. मग पोर्तारेचं कोण? इथे मला थोडा वेळ द्या, कारण गोव्यात बसून हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

भाषाशास्त्रज्ञ पोर्तारेचं मूळ एका प्राचीन धातूत शोधतात, त्याचा अर्थ पलीकडे जाणे, पलीकडे नेणे. त्याच मुळातून लॅटिनमध्ये ‘पोर्ता’ म्हणजे दार आणि ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर हे शब्द आले. संस्कृतात त्याच धातूची ‘पिपर्ति’, ‘पारयति’ ही रूपं आहेत, पार नेतो अशा अर्थाची. आणि त्यातलाच आपला ‘पार’, पैलतीर. जर्मन गटातल्या भाषांत मूळचा प हा फ होतो, जसा पितृचा फादर, पादचा फूट. म्हणून तिथे हाच धातू ‘फेरी’ झाला. रायबंदरहून चोडणला जाताना आपण ज्या फेरीबोटीत चढतो तिचं नाव आणि मांडवीच्या ‘पार’ जाणं हे एकाच घरातले शब्द आहेत. पणजीत कॅप्टन ऑफ पोर्ट्सचं कार्यालय आहे त्यातला पोर्ट याच घरातला. आणि खुद्द पोर्तुगाल हे नाव? दोरू नदीच्या मुखाशी ‘पोर्तुस काले’ नावाचं बंदर होतं, त्यावरून देशाला नाव पडलं.

आता डिपोर्टसाठी आपण जो मराठी शब्द वापरतो तो परत पाहा. हद्दपार. हद्द अरबीतून आलेला, पार आपला. इंग्रजी शब्दातला पोर्ट आणि मराठी शब्दातला पार हे हजारो वर्षांपूर्वी एक होते. ज्याने हद्दपार हा शब्द घडवला त्याला लॅटिन येत नव्हतं, त्याची गरजही नव्हती.

या नात्याची चाहूल युरोपीय माणसाला पहिल्यांदा लागली तीही आपल्याकडेच, असं म्हणायला जागा आहे. विल्यम जोन्स यांचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६ चं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं ते त्यात म्हणाले, आणि पाठ्यपुस्तकं तिथूनच सुरुवात करतात. पण त्याआधी दोनशे वर्षं, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातून आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. आपण त्यांना क्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून ओळखतो. इथल्या भाषा अनेक आहेत, उच्चार कानाला वाईट लागत नाहीत, आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, अशा आशयाचं त्यात लिहिलेलं आहे. हे पत्र विसाव्या शतकापर्यंत छापलंच गेलं नाही, म्हणून त्याचा परिणाम झाला नाही. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोची आणि गोव्यात होता. त्याने घरी लिहिलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांच्या जोड्या आहेत: देव आणि दिओ, सर्प आणि सेर्पे, सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोवे. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. एक इंग्रज पाद्री आणि एक इटालियन व्यापारी. दोघांचेही कान जागे होते. स्टीफन्स तर इथली भाषा शिकून तिच्यात ओवी लिहिण्यापर्यंत पोचले. कान जागा असला की शब्द आपली नाती आपण होऊन सांगतात.

असो. शिक्षेच्या अर्थाकडे येतो.

रोममध्ये एक जुनी शिक्षा होती, तिचं नावच ‘पाणी आणि अग्नी यांची बंदी’ असं होतं. त्या माणसाला कोणी पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. म्हणजे त्याला राहणंच अशक्य करायचं, मग तो आपण होऊन जाईल. आपल्या गावांत वाळीत टाकत असत ते आठवा. विस्तव मागायला कोणाच्या दारात जायची सोय नाही, विहिरीवर पाय ठेवायची सोय नाही. साम्राज्याच्या काळात या शिक्षेची जागा ‘देपोर्तातिओ’ने घेतली. आता तो जाण्याची वाट पाहायची नाही, सरकारच त्याला उचलून नेणार, बहुधा एखाद्या बेटावर. त्याचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली. याहून सौम्य शिक्षेला ‘रेलेगातिओ’ म्हणत. तीत माणूस दूर पाठवला जायचा पण नागरिकत्व आणि मालमत्ता राहायची. ओव्हिड हा मोठा कवी इसवी सन ८ मध्ये काळ्या समुद्राच्या काठी तोमिस इथे पाठवला गेला, तो या दुसऱ्या प्रकारात. आणि त्या परमुलखातूनही तो आपल्या कवितेत आवर्जून सांगत राहिला की मला जो शब्द लागू आहे तोच लावा, दुसरा नको. शिक्षा भोगणाऱ्याला शब्दांतला फरक फार नीट कळतो.

म्हणून आपणही फरक करायला शिकू. घालवून देणे या अर्थाची इंग्रजी क्रियापदं बरीच आहेत आणि वर्तमानपत्रं ती सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात. ‘एक्स्पेल’ म्हणजे बाहेर ढकलणे. ‘पेल्लेरे’ म्हणजे ढकलणे. ढकलणाऱ्याचं काम उंबऱ्यापर्यंतच. पुढे तुम्ही कुठे जाता याच्याशी त्याला कर्तव्य नाही. डिपोर्टमध्ये मात्र नेणारा शेवटपर्यंत सोबत असतो, तो नेऊन पोचवतो. हा फरक गोव्याच्या इतिहासात लख्ख दिसतो. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली, त्यांना अटक झाली आणि मग पोर्तुगीज सरकारने त्यांना गोव्याच्या सीमेबाहेर काढलं. हे एक्स्पेल. त्याच वर्षी त्रिस्ताव ब्रागांझ कुन्यांना पकडलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि जहाजाने पोर्तुगालला नेऊन पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं. हे डिपोर्ट. पुरुषोत्तम काकोडकर आणि डॉ. राम हेगडे यांनाही तसंच पोर्तुगालला नेलं. काकोडकरांच्या घरी तेव्हा लहान मुलगा होता, तो पुढे अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर म्हणून देशाला माहीत झाला. वडील समुद्रापलीकडे आणि आई एकटीने संसार ओढते आहे, अशा घरात ते वाढले.

इथे एक गोष्ट मला बोचते आणि ती मी सांगणारच. सरकारच्या लेखी कुन्यांना ‘दूर’ नेलं. कशापासून दूर? ज्या मातीत ते जन्मले त्या चांदोरपासून, गोव्यापासून. पण सालाझार सरकारचा तर दावा होता की गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे. मग गोव्यातून लिस्बनला नेणं ही शिक्षा कशी ठरते? स्वतःच्याच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेलेल्या माणसाला परमुलखात टाकल्यासारखं का वाटावं? डिपोर्ट हा शब्द त्या दाव्याला आतून तडा देतो. शासनाने काहीही म्हटलं तरी ‘दे’ हा उपसर्ग दोन ठिकाणांत अंतर आहे हे कबूल करतो.

मोहन रानडे यांचंही नाव घ्यायला हवं. मराठीचे शिक्षक म्हणून ते गोव्यात आले, आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी लढले ती सात वर्षं मुक्त होती आणि ते तिकडे कोठडीत. परत येण्याला इंग्रजीत ‘रिपॅट्रिएट’ हे क्रियापद आहे. ‘रे’ म्हणजे परत, आणि ‘पात्रिया’ म्हणजे पितृभूमी. त्यात आपला पितृ शब्द स्पष्ट ऐकू येतो. डिपोर्टच्या विरुद्ध अर्थाचा शब्द कोणी विचारला तर मी इम्पोर्ट सांगत नाही, रिपॅट्रिएट सांगतो.

‘एक्स्ट्राडाइट’ हा आणखी वेगळा. एका देशातला आरोपी दुसऱ्या देशाने मागितला आणि त्याच्या हवाली केला, तर ते प्रत्यर्पण. त्यात मागणारा असतो. डिपोर्टमध्ये कोणी मागितलेलं नसतं, फक्त इथे नको असतो. आणि पोलीस एखाद्या गुंडाला जिल्ह्याबाहेर राहायला लावतात ती तडीपारी, तिच्यात देश सुटत नाही. बातमी लिहिताना हे चार शब्द चार ठिकाणी ठेवले तर वाचकावर उपकार होतील.

आता या क्रियापदाची दुसरी बाजू, जी मला सगळ्यात आवडते. इंग्रजीत डिपोर्टचा शिक्षेचा अर्थ सतराव्या शतकातला आहे. त्याच्या आधीपासून, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून वेगळ्याच अर्थाने आलेला होता: वागणे. माणूस स्वतःला कसा वाहतो, चार लोकांत कसा चालतो-बोलतो, ते ‘स्वतःला डिपोर्ट करणे’. त्याचं नाम डिपोर्टमेंट, म्हणजे वर्तणूक. शिक्षेच्या अर्थाचं नाम डिपोर्टेशन. मुलांनो, ही दोन नामं एकमेकांत मिसळू नका, परीक्षक नेमकं तेच विचारतात. ज्यांनी पोर्तुगीज काळात शाळा केली त्या आजोबांना ‘कोंपोर्तामेंतु’ हा शब्द आठवत असेल, तोही वर्तणूक, आणि त्यातही हाच पोर्तारे.

म्हणजे कर्म बदललं की क्रियापदाचा अर्थ उलटतो. दुसऱ्याला वाहून नेलं तर हद्दपारी, स्वतःला वाहिलं तर शील. पहिल्यात नेलेल्याच्या हातात काहीच नसतं, दुसऱ्यात सगळं त्याच्याच हातात असतं. मराठीत वाहणे हे क्रियापद स्वतःवर वळवलं की काय होतं? ‘वाहून घेणे’. त्याने शिक्षणाला वाहून घेतलं, तिने रुग्णसेवेला वाहून घेतलं. इंग्रजी तिथे चालचलणुकीपर्यंत पोचली, मराठी समर्पणापर्यंत गेली. देवाला फुलं वाहतो त्यातलं वाहणं त्यात मिसळलं असावं असं मला वाटतं. आणि ज्या माणसांची नावं मी मघाशी घेतली त्यांना हे दोन्ही अर्थ एकदम लागू होतात. सरकारने त्यांना नेलं, त्याआधीच त्यांनी स्वतःला वाहून घेतलं होतं.

याच घरातला एक आनंदी शब्दही आहे, तो गोव्यात सांगितलाच पाहिजे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘देस्पोर्तेर’ म्हणजे मन कामापासून दूर नेणे, रमवणे. इंग्रजीत तो ‘डिस्पोर्ट’ झाला, आणि बोलताबोलता पुढचा तुकडा गळून पडला. राहिला ‘स्पोर्ट’. पोर्तुगीजमध्ये पुढचा तुकडा शाबूत आहे: ‘देस्पोर्तु’. संध्याकाळी शेत कापून झाल्यावर मोकळ्या मळ्यात पोरं फुटबॉल खेळतात, तेव्हा त्यांचं मन दूर नेलं जात असतं, राजीखुशीने. डिपोर्ट आणि स्पोर्ट, तुकड्यांनी जवळजवळ सारखेच.

आता सावधगिरी. पोर्ट दिसला की वाहून नेणे, असं धरून चालू नका. ‘पोर्ट्रेट’मध्ये पोर्तारे नाही, तिथे ‘प्रो’ अधिक ‘त्राहेरे’ आहे, पुढे ओढून आणणे, म्हणजे चेहरा कागदावर ओढून आणणे. ‘पोर्शन’ हा वाटा, त्याचं मूळ वेगळं. ‘पासपोर्ट’मधला पोर्ट हा बंदर, बंदरातून पुढे जाऊ देण्याचा परवाना. इथे १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या पोर्तुगीज पासपोर्टवर घराघरांत चर्चा होते, तेव्हा त्या एका शब्दसमूहात बंदर दोनदा येतं, एकदा देशाच्या नावात, एकदा कागदाच्या नावात. आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’? तिथेही बंदर. ‘ओब’ म्हणजे कडे, ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर. बंदराकडे नेणारा अनुकूल वारा, तो ‘ओपोर्तूनुस’. खोल समुद्रात होडी घेऊन गेलेल्या आपल्या खारवी माणसाला या शब्दाचा अर्थ कोशाशिवाय कळेल. कोणता पोर्ट कुठे हे ओळखायचं तर शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवायचे, आणि शंका आली की व्युत्पत्ती देणारा कोश उघडायचा.

मघाशी चिठ्ठीतून एका बाईंनी विचारलं आहे की ‘डिपोर्टी’ या शब्दातलं शेवटचं ‘ई’ कुठलं. चांगला प्रश्न. ते फ्रेंचमधून आलं, आणि फ्रेंचमध्ये ते लॅटिनच्या कर्मणी भूतकाळवाचक ‘आतुस’ या शेवटातून आलं: पोर्तातुस, वाहून नेलेला. त्यातला ‘तुस’ म्हणजे आपला क्त प्रत्यय, कृत, नीत, हृत यांच्यातला त. ज्याच्यावर क्रिया घडली तो. एम्प्लॉयी, ट्रेनी, नॉमिनी हे सगळे याच साच्यात. आणि मराठीत ज्याला घर सोडायला लावलं त्याला आपण काय म्हणतो? निर्वासित. निर् म्हणजे बाहेर, वस् म्हणजे राहणे, त्याचं प्रयोजक रूप, आणि शेवटी तोच त. बाहेर राहायला लावलेला. बाईंनी हा शब्द वर्गात डिपोर्टीशेजारी फळ्यावर लिहावा आणि दोन्हींचे तुकडे मुलांकडूनच पाडून घ्यावेत. आधी संस्कृतचे पाडू द्या, मग लॅटिनचे. पुढच्या बैठकीला ‘पेंदेरे’ घेऊ, लटकणे. सस्पेंड, डिपेंड, अपेंडिक्स आणि पेन्शनसुद्धा त्याच एका खुंटीवर आहेत.